बांडगूळ वाहणारा मेणा

मित्रांनो, औंढे गावातल्या या पडवीत तुम्ही रोज माझ्यात लपाछपी खेळता. तुमच्या आया माझ्या दांड्यावर गोधड्या वाळत घालतात. परवा एक पाहुणा आला, हे काय आहे म्हणून त्याने विचारलं, तर तुमच्यातलाच एक जण म्हणाला, "ते व्हय, जुनं खोकं हाय." मला फार लागलं ते. मी जुना आहे हे कबूल, पण खोकं नाही. मी मेणा आहे. आणि तोच पाहुणा मग अंगणातल्या आंब्यावरचं ते पांढरं फूल बघत मान अवघडेपर्यंत उभा राहिला, ते तर मला त्याहून जास्त लागलं.

मेणा म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. चारी बाजूंनी बंद लाकडी घर समजा. आत बसायला गादी, दोन्ही अंगांना सरकती दारं, वरून आरपार गेलेला लांब दांडा, आणि तो दांडा खांद्यावर घेऊन चालणारे भोई. मोठ्या घरच्या बायका अशा मेण्यात बसून जात. साधंसुधं कोणी माझ्यात बसत नसे, हे नीट लक्षात ठेवा.

जर्मनची पहिली लढाई सुरू व्हायच्या जरा आधी तळेगावच्या एका सुताराने मला घडवलं. त्याने साग स्वतः पारखून घेतला होता. माझ्या दारांवर त्याने वेली कोरल्या, टोकांना पितळी मोर बसवले आणि मला तेल पाजून पाजून असं तुकतुकीत केलं की, येणारा-जाणारा हात फिरवून बघे. मला करवून घेतलं होतं एका छोट्या संस्थानाच्या राजेसाहेबांनी. संस्थान दूर होतं, पण हवेसाठी त्यांनी लोणावळ्याला बंगला बांधला होता आणि बंगल्याभोवती मोठी बाग लावली होती. राणीसाहेब आगगाडीतून उतरल्या की मी फलाटाशी हजर असे. त्या पडदा बाजूला करून आत बसत, मखमलीच्या गादीला टेकत आणि म्हणत, "हं, आता कुठे बरं वाटलं." त्या एका वाक्यावर मी आठ-आठ दिवस खूश असे.

मग बंगल्यावर मोटार आली. काय तिचा तोरा! भोंगा वाजवायचा, धूर सोडायचा, चिखलात रुतून बसायचं आणि तरी सगळ्यांनी तिचंच कौतुक करायचं. राणीसाहेब मोटारीत बसायला लागल्या. भोई आपापल्या वाटेने गेले. मला पागेत नेऊन ठेवलं, घोड्यांच्या जुन्या खोगिरांशेजारी. मोटार दारात उभी राहिली की मी आतून जळत असे. तिचं चाक पंक्चर झालं त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या लग्नातही झाला नसता, मेण्यांची लग्नं होत असती तर.

बरीच वर्षं अशीच गेली. मग राजेसाहेबांना झाडांचं वेड लागलं, आणि तेही मत्सरातूनच. शेजारच्या बंगल्यात दुसरे एक महाराज राहत. त्यांच्या काचघरात परदेशातून आणलेलं एक फूल फुललं होतं, झाडाच्या सालीवर मुळं पसरून वाढणारं. महाराजांनी आमच्या राजेसाहेबांना चहाला बोलावून ते दाखवलं आणि म्हणाले, "तुमच्या बागेत अजून झेंडूच का?" राजेसाहेब घरी आले ते न जेवताच झोपले. माझ्याइतका मत्सरी जीव मी तोवर दुसरा पाहिला नव्हता, म्हणून मला त्यांच्याविषयी थोडी माया वाटली.

दुसऱ्याच महिन्यात त्यांनी तळेगावहून त्र्यंबकरावांना बोलावून घेतलं. त्र्यंबकराव पूर्वी शाळेत मास्तर होते. रानोमाळ हिंडून झाडं शोधायची, त्यांची चित्रं काढायची, हा त्यांचा नाद. तो नाद आता त्यांची नोकरी झाली. बागेचा मुख्य माळी होता याच औंढ्याचा दत्तोबा. हो, तुमचे थोरले आजोबा. बागेच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत तो आणि झुंबरबाई राहत. ती म्हणजे तुमची थोरली आजी. तेव्हा दोघांचे केस काळेभोर होते आणि झुंबरबाईची जीभ आजच्याहूनही तिखट होती.

आता अडचण अशी की, रानातली नाजूक झाडं बंगल्यापर्यंत आणायची कशी? डोक्यावरच्या पाटीत ऊन लागून ती मान टाकत. बैलगाडीत हिसके बसून मुळं तुटत. तेव्हा दत्तोबाला मी आठवलो. मेणा झुलत चालतो, हिसका देत नाही. आत ऊन नाही, वारा नाही. राजेसाहेबांनी परवानगी दिली. मला वाटलं, चला, आपले दिवस परतले. आणि दत्तोबाने काय करावं? माझी मखमलीची गादी काढून कोपऱ्यात फेकली आणि तिथे ओलं गोणपाट अंथरलं. राणीसाहेब बसायच्या त्या जागी चिखल, शेवाळ आणि गांडुळं. औंढ्याच्या गड्यांनी मला खांद्यावर घेतलं, आणि मी तो चिखल पोटात घेऊन निघालो.

तरी मी काम चोख केलं, हे सांगायला हवं. वर्षानुवर्षं मी नेचे वाहिले, कंद वाहिले, दगडाला चिकटलेल्या इवल्याशा वनस्पती दगडासकट वाहिल्या. एकही माझ्यात मेली नाही. बागेत आलेले पाहुणे म्हणत, वा, काय संग्रह आहे. राजेसाहेब हसून त्र्यंबकरावांकडे हात करत, त्र्यंबकराव नाइलाजाने दत्तोबाकडे. पागेकडे कोणी हात केला नाही.

मग ते बांडगूळ आलं. त्र्यंबकराव त्याला बांडगूळ म्हणू देत नसत. बांडगूळ दुसऱ्याचं रक्त पितं, हे तसं नाही, हे फक्त आधार घेतं, असं ते समजावून सांगत. पण मी बांडगूळच म्हणणार. औंढ्याच्या वरच्या रानात, कड्याच्या तोंडाशी एका वठलेल्या झाडावर ते होतं. दुर्बिणीतून ते आधी पाहिलं त्र्यंबकरावांनी, आणि जिवावर उदार होऊन ते खाली उतरवलं दत्तोबाने. तिथून बंगल्यापर्यंत दोघांचं एकच भांडण. त्र्यंबकरावांचं म्हणणं, शोध माझा. दत्तोबाचं म्हणणं, नुसतं बघून काय होतं, हात माझा लागला. अशी जात आजवर कुणी नोंदवलेली नाही, अशी त्र्यंबकरावांची खात्री होती, पण फूल आल्याशिवाय ते सिद्ध होत नव्हतं. त्या दिवशी गडी इतके जपून चालले की काय सांगू! राणीसाहेबांना नेतानाही कोणी कधी इतकं जपून चाललं नव्हतं.

पागेसमोरच्या आंब्याच्या खोडाला दत्तोबाने ते बांधलं, नेमकं माझ्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. सकाळी उठला की तोंडही न धुता आधी आंब्याशी. उन्हं आली की ओलं फडकं घेऊन त्याच्या पानांवरची धूळ पुसायची. वादळ झालं की स्वतः भिजत उभं राहून त्याच्यावर घोंगडी धरायची. भाकरी निवून जायची. झुंबरबाई दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा मारायची नाही. सूप घेऊन ती पागेत येऊन माझ्या उंबऱ्यावर बसायची आणि तांदूळ निवडता निवडता बोलायची. घरात सवत आणली असती तरी चाललं असतं, तिच्याशी भांडता तरी आलं असतं, असं ती म्हणायची. मला बोलता येत असतं तर मी म्हणालो असतो, बाई, तुझं दुखणं ते माझं दुखणं. त्या बागेत आम्हा दोघांचं जेवढं जमलं, तेवढं कुणाचं कुणाशी जमलं नाही.

आणि गंमत बघा, एवढे लाड होऊन त्याला फूल काही येईना. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही, त्यानंतरही नाही. शेजारचे महाराज चहाला आले की मुद्दाम आंब्याखाली थांबत आणि विचारत, "काय, कांदा आहे का हा?" राजेसाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडे. मी मात्र त्या दिवशी अंगभर सुखावत असे.

एवढ्यात दुसरी लढाई घराजवळ आली. जपान ब्रह्मदेशापर्यंत आल्याच्या बातम्या होत्या. त्या पावसाळ्यात देशभर चले जावची धामधूम उसळली, गावागावांत धरपकड झाली. लोणावळ्यात गोऱ्या पलटणी उतरल्या आणि एकेक बंगला सरकार ताब्यात घेऊ लागलं. जिथे पलटण राहायला आली, तिथल्या बागांत तंबू ठोकले गेले, कुंड्यांच्या चुली झाल्या. आमच्या बंगल्यावर टाच येणार, असं सगळे बोलू लागले. बंगला गेला तर बाग जाणार होती, आणि बाग गेली तर दत्तोबा-झुंबरबाईच्या दोन खोल्या जाणार होत्या.

नेमकी तेव्हाच, थंडी सरता सरता, बांडगुळाला कळ्यांचा तुरा आला.

दत्तोबा रडलाच. त्र्यंबकराव दिवसातून इतक्या वेळा येऊन बघत की आंब्याखालचं गवत मेलं. राजेसाहेबांना नवी युक्ती सुचली. बंगले ताब्यात घेणारा जो लष्करी साहेब होता, त्याला झाडांची आवड आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. जगात कुठे नाही असं फूल या बागेत आहे, हे त्याने एकदा पाहिलं की तो इथे तंबू ठोकणार नाही, शेजारचा बंगला घेईल, असा त्यांचा हिशेब. साहेबाला चहाचं बोलावणं गेलं. महाराजांनाही बोलावलं, कारण त्यांच्यादेखत साहेबाने फूल बघणं राजेसाहेबांना फारच गरजेचं होतं. सगळी बाग आता त्या एका तुऱ्यावर लोंबकळत होती.

पण औंढ्याची एक रीत आहे, ती तुम्हाला मी सांगायला नको. पहिला आंबा, पहिली लोंबी, व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, पहिलं फूल, जे काही पहिलं येईल ते टेकडीवरच्या जाखमातेचं. तिने बघायच्या आधी ते इतर कोणाला दाखवायचं नाही. झुंबरबाईने दत्तोबाला हे दोन-तीनदा सांगितलं. देवीला डावलून साहेबाला फूल दाखवलं तर झाडही जाईल आणि घरही जाईल, असं ती म्हणाली. दत्तोबाला रीत माहीत नव्हती असं नाही. पण यंदाचं साहेबाला, पुढच्या वर्षीचं देवीला, असं म्हणून त्याने विषय झटकला.

साहेब यायच्या दिवशी पहाटे कळ्या उमलल्या. पांढरीशुभ्र फुलं, आत जांभळट छटा. चांगली होती, नाही म्हणणार नाही. दत्तोबा तेव्हा फाटकाशी फुलांच्या कुंड्या मांडून घेत होता. झुंबरबाई आली, तिने खोडाला हळदीचं बोट लावून नमस्कार केला आणि अख्खा तुरा तोडून पदराखाली घेतला. तिच्या तोंडावर भक्ती होती, ती खोटी नव्हती. पण तिथे दुसरंही काहीतरी होतं. इतरांना ते दिसलं नसतं. मी ते ताबडतोब ओळखलं.

देवीला तुरा वाहून टेकडी उतरताना तिचा पाय मुरगळला. इकडे पाहुण्यांच्या धांदलीत आंब्याकडे फिरकायला ना दत्तोबाला सवड झाली, ना त्र्यंबकरावांना. दिवस चांगला वर आल्यावर ती लंगडत लंगडत मागच्या दाराने परतली, तर बागेत माणसंच माणसं. घाबरून ती पागेत शिरली आणि माझं दार सरकवून आत बसली. ओल्या गोणपाटावर, हो. किती वर्षांनी माझ्यात माणूस बसलं होतं! मी दार घट्ट मिटून घेतलं असतं, तेवढं मला जमतं तर.

तेवढ्यात मंडळी आंब्याखाली आली. राजेसाहेब पुढे, मागे साहेब आणि महाराज, त्यांच्यामागे त्र्यंबकराव आणि दत्तोबा. राजेसाहेबांनी हात वर केला आणि तो तसाच राहिला. तिथे नुसता मोडका देठ होता. महाराज खोकल्यासारखं करून हसले. त्र्यंबकराव वाकून गवतात पाकळ्या शोधू लागले. राजेसाहेबांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

दत्तोबाने देठाकडे बघितलं. खोडाला हळदीचं बोट लागलेलं होतं, ते त्याने बघितलं. शिंपलेल्या मातीतून पागेपर्यंत उमटलेली पावलं बघितली. मग पुढे होऊन त्याने खोडावरची ती हळद हाताने पुसली आणि म्हणाला, "म्या तोडलं, सरकार. आमच्याकडं पयलं फूल देवीचं असतंय."

आतमध्ये झुंबरबाईने तोंडात पदर कोंबला. ते मला अजून आठवतं.

राजेसाहेबांनी त्याला आवाज न चढवता सांगितलं की, संध्याकाळच्या आत बागेतून निघ. एवढ्या वर्षांची चाकरी अशी एका वाक्यात संपली. साहेबाने एकदा देठाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि तो व्हरांड्याकडे वळला. तिथे त्याची माणसं केव्हाचीच खांबाखांबावर खडूने खुणा करत होती, कुठली खोली कोणाला ते ठरवत होती. म्हणजे त्याचं सगळं आधीच ठरलेलं होतं. फूल असतं तरी त्याने बंगला घेतलाच असता. शेजारच्या महाराजांचाही त्याच आठवड्यात घेतला, तेवढं मात्र बरं झालं.

दुपारी दत्तोबा पागेत आला आणि त्याने माझं दार उघडलं. झुंबरबाईचा सुजलेला पाय त्याने हातात घेऊन बघितला आणि गड्यांना बोलवायला गेला. बायको चालू शकत नाही, मेणा नेऊ का, म्हणून त्याने विचारून घेतलं. राजेसाहेब पाठमोरेच म्हणाले, "ने. परत आणू नकोस." मला ज्यांनी इतक्या हौसेने घडवून घेतलं होतं, त्यांच्याकडून मला मिळालेला निरोप हा एवढाच.

आम्ही फाटकातून बाहेर पडलो तोच मागून त्र्यंबकराव धापा टाकत आले. त्यांच्या हातात ते बांडगूळ होतं, आंब्याच्या सालीच्या तुकड्यासकट काढलेलं. जन्मभर हा माणूस शोध माझा, शोध माझा म्हणत आला होता. त्याने ते दत्तोबापुढे धरलं आणि म्हणाला, "पाहिलं मी, पण जगवलंस तू. उद्या त्या आंब्याला पलटणवाले घोडे बांधतील. घेऊन जा."

दत्तोबाने हात पुढे केला नाही. त्याने झुंबरबाईकडे बघितलं. माझा जीव टांगणीला लागला. मला वाटलं, आता ही बाई काय ते सुनावेल, आणि आम्ही दोघं एकदाचे सुटू. तिने बराच वेळ त्या मोडक्या देठाकडे बघितलं आणि म्हणाली, "आणा हिकडं. म्या धरते मांडीवर."

दगलबाज! एवढी वर्षं माझ्या उंबऱ्यावर बसून मन मोकळं केलं, आणि शेवटी ही त्याच्या बाजूला गेली. मला गड्यांच्या खांद्यावरून खाली पडावंसं वाटलं. पण मेण्याला हिसका देता येत नाही.

आम्ही ओढा ओलांडला. दत्तोबा माझ्या दाराला हात लावून चालत होता. मग ती आतून म्हणाली, "आवं, तुमी आपल्यावर का घेतलं?"

"बाग सरकारांची व्हती," तो म्हणाला, "ती आज न्हाई तर उद्या गेलीच असती. पर चार लोकांत तुला कुनी बोललं असतं, ते मला ऐकवलं नसतं."

तिने मांडीवरचं बांडगूळ सावरलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्या देवीसाठीच तोडलं. पर समदं देवीसाठी न्हवतं."

"ठावं हाय मला," दत्तोबा म्हणाला, आणि त्याने दारावरचा हात आत घालून तिच्या हातावर ठेवला.

मित्रांनो, तोवर मी मोटारीवर जळलो होतो, फुलावर जळलो होतो. पण त्या वाटेवर मी झुंबरबाईवर जितका जळलो, तितका कशावरही जळलो नाही. तिच्या पोटातली आग एका माणसाला सारी वर्षं ठाऊक होती, आणि तरी त्याने तिच्यासाठी आपल्या आयुष्याच्या कामावर पाणी सोडलं. माझी आग कोणाला ठाऊक होती? फुलांना किती ऊन, किती पाणी, किती सावली लागते हे दत्तोबाला पाठ होतं. मेण्याला काय लागतं, हे कोणी कधी विचारलं नाही.

आता इंग्रज गेले. संस्थानही राहिलं नाही. दत्तोबा म्हातारा झाला, पण अजून सकाळी उठून आधी या अंगणातल्या आंब्याशीच जातो, जिथे त्याने ते बांडगूळ पुन्हा बांधलं. फरक इतकाच की, आता झुंबरबाईही त्याच्याबरोबर जाते आणि दोघं मिळून त्या बांडगुळाची धूळ पुसतात. माझी धूळ तशीच आहे. माझ्या एका पायाला वाळवी लागली आहे, आणि छपराची गळती नेमकी माझ्या टपावर पडते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात जे फुलतं, चमकतं, वाहवा मिळवतं, त्याचं कौतुक करा, मी नाही म्हणत नाही. पण ते कशातून आलं, कोणी वाहिलं, कोणाच्या खांद्यावर टिकलं, तिकडेही एकदा हात फिरवा. आम्हाला तेवढं पुरतं. मला हातभर आत सरकवा, वाळवीला जरा तेल लावा. आणि उद्या कोणी पाहुणा फूल बघायला आला, तर त्याला सरळ अंगणात नेऊ नका. आधी पडवीत आणा, माझ्यासमोर उभं करा आणि त्याला सांगा, हा मेणा आहे. मग हवं तर दाखवा ते बांडगूळ. पण आधी मला.